अडीच महिन्यांची लेक, अंगभर पुरळ आणि मेडिकलमधली ट्यूब

प्रश्न : मी बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी आले आहे. मुलगी अडीच महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपासून तिच्या कपाळावर, गळ्याभोवती आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आहे. त्यातच शी-शूची जागा लालबुंद झाली, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत एकदम बरं वाटलं. लावायची थांबवली की परत येतं, आणि आता आधीपेक्षा जास्त पसरलंय. आठ-दहा दिवस हेच चाललंय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तू आंबा खाल्लास, अंगावरच्या दुधातून बाळाला उष्णता बाधली. म्हणून मी आंबा, वांगं, शेंगदाणे, डिंकाचे लाडू सगळं सोडलंय, वरण-भात तेवढा खाते. शेजारच्या काकू म्हणतात गोवर आहे, पाणी लावू नका. मालिशवाल्या मावशी म्हणतात, पिठाच्या गोळीनं चोळलं की सगळं निघून जाईल. ताईचा पाच वर्षांचा मुलगा सुटीला आलाय, तोही रात्रभर खाजवत असतो. येत्या मंगळवारी बाळाची दहा आठवड्यांची लस आहे, ती पुढे ढकलू का? बाळ दूध नीट पितंय, ताप नाही. पण मला सारखं रडू येतं. माझं काय चुकलं? – एक आई, अकोला

उत्तर :

आधी जेवा. हे वाचून झालं की उठा आणि पोटभर जेवा, मग बाकीचं बघू. तुमच्या पत्रातल्या पुरळापेक्षा मला त्या वरण-भाताचीच जास्त काळजी वाटली. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज नेहमीपेक्षा पाच-सहाशे कॅलरी जास्त लागतात आणि तुम्ही नेमक्या याच दिवसांत ताट अर्धं केलंत. आंब्यानं दूध उष्ण होत नाही. डिंकाच्या लाडवानं बाळाच्या गळ्याला पुरळ येत नाही. आईच्या खाण्यातल्या एखाद्या पदार्थाचा, बहुतेक वेळा गाईम्हशीच्या दुधाचा, त्रास होणारी थोडी बाळं असतात. पण त्यांच्या शीतून रक्त पडतं, वजन अडतं, अंगावर चिघळणारा इसब असतो, आणि काय बंद करायचं ते डॉक्टर तपासून ठरवतात. तुमच्या लेकीचं तसं काही दिसत नाही. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, नातीच्या काळजीनंच त्या बोलतात. त्यांना सांगा, डॉक्टरांनी आंबा खायला सांगितलाय.

कपाळ, गळा, पाठ, बारीक लाल दाणे, मे महिना आणि अकोला. या वर्णनावरून या घामोळ्याच वाटतात. पारा ४४-४५ अंशांवर गेला की मोठी माणसंही पाठ खाजवत बसतात, ही तर अडीच महिन्यांची पोर. लहान बाळांच्या घामाच्या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. त्या तुंबल्या की घाम बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच अडकतो आणि तिथे दाणा येतो. कधी तो दवबिंदूसारखा पारदर्शक असतो, बोट लावलं की फुटतो. थोडा खोल अडकला तर लाल होतो आणि टोचतो. तो येतो तो घाम साचतो तिथेच : गळ्याच्या वळ्यांत, काखेत, पाठीवर, टोपडं घट्ट बसतं त्या कपाळावर.

बाळाला टोपडं, झबलं घालून वर दुपट्यात गुंडाळून ठेवलंय का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण माहेरघरी बहुतेक असंच असतं. आपल्याकडे 'बाळाला वारं लागेल' ही भीती पिढ्यान् पिढ्यांची आहे. थंडीत, किंवा कमी वजनाच्या बाळाला, गुंडाळणं बरोबरच असतं. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात, चांगलं वजन असलेल्या बाळाला, एक पातळ सुती झबलं पुरे. घरात असताना टोपडं काढा. बाळाला ऊन होतंय की थंडी, हे तळहात-तळपायांवरून ठरवू नका, ते बहुधा गारच लागतात. मानेच्या मागे दोन बोटं घाला. ओलसर, चिकट लागलं तर एक कपडा कमी करा.

कूलरचंही सांगते. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून 'दिवसभर कूलर असून घामोळ्या कशा' असं पुष्कळ आया विचारतात. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा बाहेर जायला वाट हवी. झोत बाळाच्या तोंडावर नको. कोमट पाण्यानं सकाळी अंघोळ घाला, संध्याकाळी ओल्या मऊ कापडानं अंग टिपून घ्या. गळ्याची वळी उघडून तिथे ओघळलेलं दूध पुसा आणि ती जागा कोरडी करा. एवढं केलंत तर दोन-चार दिवसांत फरक दिसेल. घामोळ्यांना बहुतेक वेळा औषध लागतच नाही.

पावडर मात्र लावू नका. ती घामात भिजून वळ्यांत पीठ मळल्यासारखी बसते, आणि उडालेली पावडर बाळाच्या छातीत जाते. मोठ्यांची ती 'थंड थंड' घामोळ्यांची पावडर तर या वयात मुळीच नको. तिच्यात मेंथॉल असतं, कधी कापूर असतो. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. सर्दी झाली म्हणून बाळाच्या नाकाला, छातीला कापूर चोळण्याची पद्धतही याच कारणासाठी सोडायला हवी.

आता मावशींची पिठाची गोळी. मावशींच्या हातांबद्दल मला आदर आहे. ज्या सहजपणे त्या बाळाला पायांवर पालथं घेतात, ते भल्याभल्यांना जमत नाही. पण डाळीच्या पिठाची गोळी तेल लावून अंगावर फिरवायची आणि लव काढायची, ही गोष्ट थांबवा. लव काही महिन्यांत आपोआप झडते. चोळल्यानं ती मुळातून ओढली जाते, तिथे न दिसणारी ओरखड उठते आणि त्यातून पू धरणारे फोड येतात. असे फोड मी उन्हाळ्यात दर आठवड्याला बघते : कपाळावर, खांद्यावर, पाठीवर, नेमके गोळी फिरते त्या वाटेनं. अंगावर पुरळ असताना हळद आणि उटणंही नको. मालिश करायचंच असेल तर हलक्या हातानं, थोड्या खोबरेल तेलानं, अंघोळीच्या आधी. मोहरीचं तेल नको, ते कातडीला झोंबतं. घामोळ्या आहेत तिथे तर काही दिवस तेलही नको, त्यानं तुंबलेल्या नळ्या आणखी तुंबतात.

बाळाला करदोटा बांधला असेल तर तो उचलून त्याच्याखाली बघा. अंघोळीनंतर सगळं अंग टिपलं जातं आणि करदोटा ओलाच राहतो. दिवसभर तो ओला दोरा कमरेला काचतो आणि त्या रेषेवरच लाल, कधी पाणावलेला पट्टा उठतो. आयांना ते नागीण वाटतं, त्या घाबरून येतात. पट्टा बरा होईपर्यंत करदोटा काढून ठेवा. बाळाच्या आजीला पटत नसेल तर तो पाळण्याच्या दांडीला बांधू द्या.

आता शी-शूच्या जागेबद्दल. पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला.

ओल्या लंगोटात किंवा डायपरमध्ये शी आणि शू एकत्र राहिली की कातडी भिजून मऊ पडते आणि शीमधली पाचकद्रव्यं तिला जाळतात. हे साधं डायपरचं पुरळ. ते कापड घासतं तिथे, म्हणजे कुल्ल्यांच्या उंचवट्यांवर आणि मांड्यांवर येतं आणि जांघेच्या घडीत बहुतेक वेळा येत नाही. घडी उघडून बघा. घडीच्या आतही लालभडक असेल आणि त्या लाल भागाच्या कडेला, रांगोळीभोवती ठिपके काढावेत तसे सुटे सुटे दाणे असतील, तर त्यावर बुरशी धरली आहे. साधं पुरळ तीन-चार दिवस तसंच राहिलं की बुरशी धरायला वेळ लागत नाही. अँटिबायोटिक दिलं असेल किंवा जुलाब झाले असतील तर आणखीच लवकर. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखा पांढरा थर असेल आणि तो पुसून निघत नसेल, तर तीही हीच बुरशी. तुमच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग दोघींना एकदम औषध द्यावं लागतं.

आणि ती ट्यूब. 'दोन दिवसांत एकदम बरं, थांबवलं की परत, आणि आधीपेक्षा जास्त', हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं शब्दशः ऐकते आहे. ट्यूबचा खोका फेकला नसेल तर काढा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, म्हणजे लाली आणि सूज झटपट दाबणारं औषध, आहे. नावं फसवी असतात. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल कानाला बहिणीबहिणी वाटतात, पण पहिलं तीव्र स्टिरॉइड आहे आणि दुसरं बुरशीवरचं औषध. पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही कालवलेलं असतं. खोक्याच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं. कातडीला लावायची अनेक स्टिरॉइडं २०१८ पासून या यादीत आहेत. तरीही ती काउंटरवरून हातात पडतात, तीही अडीच महिन्यांच्या बाळासाठी. याचा मला राग येतो, पण तो तुमच्यावर नाही. तुम्ही विश्वासानं मागितलीत.

स्टिरॉइड मुळात वाईट औषध नाही. इसबावर आम्हीही सौम्य स्टिरॉइड देतो, मोजून, थोडे दिवस. पण बुरशीवर ते एकटंच काम करतं तेव्हा लाली दबते आणि खाली बुरशी मजेत पसरते. तिन्ही कालवलेल्या ट्यूबमध्ये तर स्टिरॉइड बहुधा एवढं तीव्र असतं की सोबतच्या बुरशीच्या औषधाचा पुरेसा उपयोग होत नाही. शिवाय बाळाची कातडी पातळ, आणि डायपरच्या आत औषध झाकून ठेवल्यासारखं होतं, त्यामुळे ते कितीतरी जास्त शोषलं जातं आणि रक्तात उतरतं.

एक बाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चार महिन्यांचं होतं. आजी कौतुकानं म्हणाली, 'बघा, कसं गुटगुटीत झालंय.' गाल खरंच चंद्रासारखे गोल होते, पण हातपाय मात्र बारीक. मी डायपर काढला तर मांड्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या शिरा दिसत होत्या. सात आठवडे रोज दोनदा ट्यूब लावत होते. ते गोल गाल बाळसं नव्हतं, औषधाची सूज होती. बाहेरून एवढं स्टिरॉइड गेल्यामुळे त्याच्या शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. ट्यूब एकदम बंद करणं धोक्याचं होतं, म्हणून दवाखान्यात ठेवून हळूहळू सोडवावी लागली. बाळ बरं झालं, आता शाळेत जातं.

तुमचे आठ-दहाच दिवस झालेत, तेव्हा धीर सोडू नका. आजपासून ती ट्यूब लावू नका आणि उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली, ते खरं सांगा. ट्यूब बंद केल्यावर एक-दोन दिवस लाली वाढल्यासारखी वाटेल. त्या भीतीनं परत तिच्याकडे वळू नका. आणि कुणाचं बाळ कित्येक आठवडे अशी ट्यूब लावून घेत असेल तर त्या आईनं हे वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

तोवर घरी काय करायचं? डायपर शक्यतो बाजूला ठेवा. उन्हाळाच आहे, दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं बाळाला सुती कापडावर उघडं लोळू द्या. चादर भिजेल, भिजू द्या. शी केली की लगेच, आणि एरवी दोन-तीन तासांनी लंगोट बदला. सुगंधी वाइप्स नकोत. साधं कोमट पाणी आणि कापूस घ्या, मुलगी आहे म्हणून पुसताना पुढून मागे पुसा, मग मऊ कापडानं टिपा. घासू नका. वरून झिंक ऑक्साइडचा मलम लावा, आणि तो भाकरीवर लोणी थापतात तसा जाड लावा, कारण त्याचं काम शी-शूला कातडीपर्यंत पोचू न देणं हे आहे. पुढच्या वेळी वरचा मळलेला थर तेवढा काढा. खालचा पांढरा थर खरवडून काढण्याच्या नादातच कातडी परत सोलते. लंगोट धुताना जंतुनाशक द्रव घालू नका, साबण निघेपर्यंत दोनदा खळबळून कडक उन्हात वाळवा. अकोल्याच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घेऊ. बुरशीचं औषध लागेलसं वाटतं, पण ते कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टर बघून सांगतील.

ताईच्या मुलाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. रात्रभर खाजवतो म्हणजे आधी खरूज आहे का ते बघावं लागेल. त्याची बोटं फाकवून बेचक्यांत बघा, मनगटाच्या आत, बेंबीभोवती, कमरेला आणि लघवीच्या जागी बघा. बारीक दाणे आणि खाजवल्याच्या खुणा असतील, घरात आणखी कुणी खाजवायला लागलं असेल, तर खरूजच धरून चाला. सुटीत सगळी भावंडं एका गादीवर झोपतात आणि आजोळी खरूज घरभर फिरते. तान्ह्या बाळाला झाली तर तिचे दाणे तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येतात. तेव्हा लेकीचे तळवे नीट बघा. तिथे फोड असतील तर मी वर घामोळ्यांबद्दल लिहिलेलं बाजूला ठेवा आणि हे आधी डॉक्टरांना दाखवा.

खरजेवर परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम मिळतं. डॉक्टर ते दोन महिन्यांवरच्या बाळालाही देतात, पण कुणी, कुठे आणि किती तास लावायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा, आणि आठवड्यानं परत एकदा. एकानं जरी टाळलं तरी महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू होतं. अंथरुण-पांघरुण, अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणून मलम रोज चोळत बसायचं नाही. आणि खरूज म्हणजे घाणेरडेपणा नव्हे, तेव्हा ताईला याचं वाईट वाटू देऊ नका.

काकूंचा गोवर. गोवरात आधी तीन-चार दिवस सणसणीत ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे येतात, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतो. ताप नसलेलं, खेळतं, दूध पिणारं अडीच महिन्यांचं बाळ गोवराचं नसतं. बहुतेक बाळांना या वयात आईकडून आलेलं संरक्षणही असतं. पण काकूंना गोवराची धास्ती वाटते त्यात चूक नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. काकूंचा फक्त उपाय चुकतो. गोवर असला तरी अंग पुसायचं, भरपूर पाजायचं आणि दवाखान्यात न्यायचं, तिथे 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा देतात. कडुलिंबाचा पाला दाराला लावा हवा तर, पण दवाखाना टाळू नका. तुमच्या लेकीची गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आहे, ती चुकवू नका.

इंटरनेटवर फोटो शोधून तुलना करत बसू नका. त्यातली बहुतेक बाळं गोरीपान असतात, त्यांच्यावर जे गुलाबी दिसतं ते आपल्या सावळ्या लेकरांवर तपकिरी, जांभळट किंवा नुसतं खरखरीत दिसतं. त्यापेक्षा पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबून बघा. दाबल्यावर डाग फिका पडला तर बरं. लाल-जांभळा ठिपका पेल्याखालीही तसाच दिसत राहिला तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. तसंच ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला तरी, कारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तेवढा ताप पुष्कळ झाला. पूचे फोड, भाजल्यासारखी सोलणारी कातडी, ओठ-डोळ्यांवर सूज, धाप, दूध तोडणं, हलवूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळची वाट पाहू नका.

लस पुढे ढकलू नका. घामोळ्या किंवा डायपरचं पुरळ हे लस न घेण्याचं कारण नाही. दहा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंटची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, दुसरी मात्रा, पोलिओचे आणि जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरचे थेंब असतात. सुई मांडीत देतात, म्हणून मांडीवर पुरळ असेल तर नर्सताईंना आधी दाखवा, त्या स्वच्छ जागा बघून टोचतील. ट्यूबचा खोका उद्या डॉक्टरांकडे तर न्याच, पण तो पिशवीतून काढू नका, मंगळवारी लसीच्या वेळीही सोबत असू द्या. ताईच्या मुलालाही उद्याच बरोबर घेऊन जा, दोघांचं एकाच चकरेत होईल.